धक्का कोण घेतो?

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती गाडीच्या पोटाखाली असते, चिखलाने माखलेली असते, आणि मोडेपर्यंत तिची कोणाला आठवणही होत नाही. ती वस्तू म्हणजे गाडीची कमान. आमच्याकडच्या गॅरेजात तिला ‘पाटे’ म्हणतात; गोल वेटोळ्याची असली तर ‘स्प्रिंग’.

हा विषय मला ग्रंथालयात सुचला नाही, एका मिस्त्रींच्या प्रश्नावरून सुचला. माझ्या एका विद्यार्थ्याने जुनी जीप विकत घेतली. साकोलीच्या बाजूला त्याची धानाची शेती आहे. पावसाळ्यात बांधीपर्यंत जाणारी वाट म्हणजे वाट नसतेच. खड्डे, पाळी आणि गुडघाभर चिखल. जीपचे पाटे काढून चारही चाकांवर स्प्रिंगा बसवायच्या, म्हणजे चाके वाटेल तशी वरखाली होतील आणि गाडी अडणार नाही, असे त्याच्या मनात आले. त्याने भंडाऱ्यातले साठी उलटलेले एक मिस्त्री गाठले आणि भीड म्हणून मलाही बरोबर नेले. मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले, हात पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘सर, पाटे काहाडाले काय हाये, चार नट खोलले का झालं. पन मंग आसाले धरन कोन?’’

या एका प्रश्नात दोनशे वर्षांचा इतिहास भरलेला आहे, हे मला मागाहून कळले.

तर सुरुवातीपासून पाहू. रस्ता म्हटला की खड्डा आला, आणि खड्डा म्हटला की धक्का आला. धक्का हवेत विरून जात नाही, तो कोणाला ना कोणाला घ्यावा लागतो. प्रवासाच्या साधनांचा इतिहास म्हणजे एका अर्थी हा धक्का कोणी घ्यायचा याचाच इतिहास आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळी मोठी माणसे मेण्यापालखीतून जात. मेण्याला चाकही नव्हते आणि कमानही नव्हती, तरी आतल्या माणसाचे पोट हलत नसे. कारण उघड आहे. धक्का भोयांचे गुडघे घेत आणि भोयांचे खांदे सोशीत. ज्याला आपण आज सस्पेन्शन म्हणतो ते त्या काळी हाडामासाचे होते.

सामान्य माणसाच्या नशिबी बंडी होती. लाकडी तुंबा, आरे, वर लोखंडी धाव, आणि आस थेट साट्याला जखडलेली. मध्ये कसलीही लवचीक वस्तू नाही. चाक दगडावर चढले की तो दगड बसणाऱ्याच्या मणक्यात येई. म्हणूनच बंडीत तणसाचा जाड थर घालीत. तीच गरिबाची कमान. बाळंतपणाला अडलेली बाई रात्री बंडीतून तालुक्याला न्यायची, म्हणजे तणसाचा थर दुप्पट करायचा आणि बैल पावली चालवायचे. वेळ वाचवावा तर धक्का वाढे, धक्का वाचवावा तर वेळ जाई. असा तो पेच होता, आणि त्यात कित्येक घरांनी माणसे गमावली. शंकरपटाचा छकडा पाहा. त्यालाही कमान नसते, म्हणून हाकणारा गुडघे वाकवून धक्का पायांवर झेलतो. आपला देह हीच त्याची कमान.

युरोपातही फार निराळे नव्हते. तिकडे श्रीमंतांच्या बग्गीचा खोका चामड्याच्या पट्ट्यांनी टांगलेला असे. धक्का कमी होई, पण खोका झोपाळ्यासारखा हेलकावे खाई आणि आतल्यांना मळमळ सुटे. पुढे १८०४ साली लंडनच्या ओबाडाया एलियट या गाडी बनवणाऱ्याने लंबगोल कमानींचे पेटंट घेतले. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकीवर एक रचायच्या, त्यांच्या दोन जुळ्या समोरासमोर जोडायच्या, आणि गाडी थेट त्यांच्यावर बसवायची. गाडीखालचा अवजड लाकडी सांगाडा त्यामुळे अनावश्यक झाला आणि गाडी हलकी झाली. हेच आपल्या ट्रकच्या पाट्यांचे पूर्वज.

गंमत अशी की वेटोळ्याची स्प्रिंग त्याहून जुनी आहे. इंग्लंडात १७६३ साली ट्रेडवेल नावाच्या गृहस्थाने तिचे पेटंट घेतले होते. तिच्यामागचा नियम तर त्याच्याही आधीचा. जितका भार, तितका दाब. भार दुप्पट केला की दाबही दुप्पट. हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली छापून प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्याकडे शिवछत्रपती दक्षिण दिग्विजयावरून परतत होते, त्याच सुमाराची ही गोष्ट. नियम ठाऊक, स्प्रिंगही ठाऊक. मग पुढची दीड-दोन शतके गाड्या पाट्यांवरच का धावत राहिल्या?

याचे उत्तर मिस्त्रींच्या प्रश्नात आहे. पाटा दोन कामे करतो. एक म्हणजे तो भार पेलतो. दुसरे, त्याची दोन्ही टोके चासीला जखडलेली असतात आणि मध्यावर आस यू-बोल्टने आवळलेली असते, म्हणून तो आसेला जागेवर धरूनही ठेवतो. आस पुढेमागे सरकत नाही, बाजूला जात नाही, ब्रेक मारला तर स्वतःभोवती फिरत नाही. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे उसळीही आपोआप थोडी मरते. नोकर एक आणि कामे तीन! लोहाराला तो भट्टीवर नीट करता येतो, एखादी पट्टी तुटली तरी गाडी घरी येते. स्प्रिंगेचे तसे नाही. ती बिचारी फक्त वरखाली होणे जाणते. आसेला धरून ठेवणे तिच्या धर्मातच नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नागपूरहून भंडारा, साकोलीवरून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड हा आपला जुना राजमार्ग. पुढे त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हटले, आता तो क्रमांक ५३ आहे. १८८० च्या सुमारास रेल्वे आली, वरठीला भंडारा रोड स्टेशन झाले. पण रेल्वे गावात येत नाही आणि राजमार्ग शेतात येत नाही. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर पुन्हा बंडीचीच वाट. विसाव्या शतकात बंडीला रबरी टायर लागले, लोक तिला डनलॉपची गाडी म्हणू लागले. डनलॉपसाहेबाने हवेचे टायर १८८८ साली काढले, ते सायकलसाठी. आमच्या बैलांच्या मानेला त्याचा लाभ व्हायला पुढे कैक दशके लागली. या गाडीत हवा हीच कमान होती.

मग आली जीप. १९४० साली अमेरिकी सैन्याने चारही चाकांना गती देणारी हलकी गाडी हवी म्हणून मागणी केली, आणि बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना हजर केला. महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. त्या सर्व पाट्यांवरच्या. युद्धात घाई होती आणि पाटा सोपा होता. १९४७ साली मुंबईत महिंद्र कंपनीने विलीजच्या जीपांची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला आणि विकासखंडाच्या अधिकाऱ्याबरोबर जीप खेड्यात आली. सरकार म्हणजे जीप, असे समीकरणच झाले. तिचा धक्का बंडीपेक्षा कमी होता, पण वेग अधिक असल्याने हिशेब बहुधा तेवढाच पडे. पुढच्या काळात तीच जीप काळी-पिवळी झाली, आत पंधरा-पंधरा माणसे कोंबून लाखांदूरच्या रस्त्याने धावू लागली. लहानपणी मी तीत मागच्या फळीवर बसून पुष्कळ प्रवास केला आहे. रिकामी असताना ती आपटे, कारण पाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने कडक केलेले. भरली की जरा मऊ चाले. माणसे कोंबण्याला तेवढीच एक चांगली बाजू होती!

ज्या पोलादाची कमान होते त्याच्याशीही आपल्या जिल्ह्याचे नाते आहे. साध्या लोखंडाची कमान होत नाही. ते वाकले की वाकलेलेच राहते. पाट्यासाठी वर्षानुवर्षे जे पोलाद वापरले गेले, त्याच्या शंभर भागांत कार्बन अर्ध्या भागाहून थोडा अधिक, मँगनीज सुमारे एक भाग आणि सिलिकॉन दीड ते दोन भाग असते. ते लाल करून तेलात विझवायचे आणि पुन्हा बेताने तापवायचे, तेव्हा त्यात वाकून परत सरळ होण्याची जिद्द येते. आता मँगनीज म्हटले की तुमसर तालुका आला; चिखला आणि डोंगरी बुजरुक या खाणी आल्या. वरठीला १९८४ साली स्थापन झालेल्या सनफ्लॅग कंपनीचा पोलाद कारखाना आहे. मोटारींना लागणारे खास पोलाद तिथे होते, त्यात कमानींचेही असते. गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे ट्रकांचे गिअरबॉक्स होतात. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जाणारा हा जिल्हा गाड्यांच्या धंद्यात असा मागच्या दाराने शिरलेला आहे. पण त्याच जिल्ह्यातल्या बांधीची वाट मात्र अजून तशीच.

आता पाटे जाऊन स्प्रिंग कशी आली ते सांगतो. महायुद्धानंतर जर्मनीत शेतीच्या कामासाठी युनिमॉग नावाची गाडी निघाली. तिच्या दोन चाकांतले अंतर बटाट्याच्या दोन सऱ्यांच्या मापाने ठरवले होते, इतकी ती शेतकऱ्याची. तिच्या पुढच्या-मागच्या दोन्ही आसा वेटोळ्याच्या स्प्रिंगांवर होत्या, त्यामुळे नांगरटीत एक चाक खाली गेले तरी उरलेली तीन जमीन सोडीत नसत. १९७० साली इंग्लंडात रेंज रोव्हर आली. तिच्याही आसा अखंडच, पण चारही कोपऱ्यांत लांब स्प्रिंगा. लोकांना कळून चुकले की जी गाडी शेतात चढते ती रस्त्यावरही मऊ चालू शकते. १९७९ साली मर्सिडीजची जी-वॅगन आली, तीही स्प्रिंगांवरच.

आपल्याकडे हा पल्ला गाठायला वेळ लागला. टेल्कोच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, त्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरे घेऊन १९९४ साली ‘सुमो’ आली. तिला मागे पाटेच होते. १९९८ साली पुण्याहून ‘सफारी’ आली, तिची मागची आस स्प्रिंगांवर आणि पाच दांड्यांवर पेललेली होती. महिंद्रची २०१० सालची ‘थार’ मागे पाट्यांवर होती. २०२० ची नवी थार नाशिकहून निघाली ती मागे स्प्रिंगा आणि दांडे घेऊन. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या २०२१ च्या ‘गुरखा’लाही मागे तेच. एवढ्या मोठ्या कारखान्यांना जे करायला अर्धे शतक लागले, ते माझा विद्यार्थी एका उन्हाळी सुटीत करू पाहत होता.

हे दांडे कशासाठी? मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर तेच आहे. पाट्याची जी दोन कामे उघडी पडली ती दांड्यांनी वाटून घ्यायची. आसेच्या खालून दोन दांडे चासीकडे जातात. ते तिला पुढेमागे सरकू देत नाहीत. वरून दोन जातात. गती दिली किंवा ब्रेक मारला की आस स्वतःभोवती फिरू पाहते, तिला ते आवरतात. राहिले बाजूला सरकणे. त्यासाठी पाचवा दांडा आडवा. एक टोक चासीला, दुसरे आसेला. फ्रान्सच्या पनार्ड कंपनीवरून त्याला पनार्ड दांडा म्हणतात. भार पेलायला स्प्रिंग, उसळी मारायला शॉकअप, आणि धरायला हे पाच. एका नोकराच्या जागी सात ठेवले, तेव्हा कुठे गाडी मऊ झाली.

मिस्त्रींनी घाई केली नाही. भंगारात आलेल्या एका सफारीची मागची आस ते दोन दिवस बसून पाहत राहिले. नंतर त्यांनी एका फळीवर बांबूच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकून नमुना केला. खिळ्याभोवती पट्टी फिरवली की तिचे टोक सरळ रेषेत जात नाही, कंस काढते. आडवा दांडाही तसाच. म्हणून आस वर उचलली की तो तिला थोडी बाजूला ओढणारच. मी कागदावर हिशेब करून पाहिला. दांडा ९० सेंटिमीटरचा आणि आडवा समतल असेल, तर आस दहा सेंटिमीटर वर गेल्यावर ती बाजूला जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकते. ४५ चा केला तर एक सेंटिमीटरहून थोडी अधिक. पण गाडी उंच करायच्या हौसेने तो ९० चाच दांडा आधीच दहा सेंटिमीटर तिरका ठेवला, तर पुढच्या दहा सेंटिमीटरांत आस दीड सेंटिमीटरहून अधिक सरकते! मिस्त्रींना हा हिशेब दाखवला तर म्हणाले, ‘‘थेच त बांबू सांगून राहिला, सर.’’

तरी पहिली चूक झालीच, आणि तिच्यात माझाही वाटा आहे. मुलाला गाडी उंच हवी होती. ‘‘होऊ दे त्याच्या मनासारखे,’’ असे मीच म्हणालो. पुढचा आडवा दांडा तिरका राहिला, स्टिअरिंगचा दांडा जवळपास समतल राहिला. शेतातल्या वाटेवर पुढची दोन्ही चाके पाळीवर एकदम चढली, आणि स्टिअरिंग मुलाच्या हातातून आपोआप फिरले. गाडी बांधीत उतरली. वेग बैलाच्या चालीचा होता, म्हणून मुलाच्या मनगटाच्या मुरगळीवर निभावले. हीच गोष्ट महामार्गावर घडली असती तर हे भाषण मी केले नसते. स्टिअरिंगचा दांडा आणि आडवा दांडा एकमेकांना समांतर आणि शक्य तो सारख्या लांबीचे असले, तर दोघांची टोके एकाच कंसात फिरतात आणि चाक आपोआप वळत नाही. नियम एवढाच, पण तो आम्हाला चिखलात शिकावा लागला.

दुसरी गोष्ट स्प्रिंगेची. पुष्कळ जण भंगारातली मिळेल ती स्प्रिंग आणतात आणि उंची जास्त वाटली तर एखाददुसरे वेटोळे कापून टाकतात. त्यांना वाटते की स्प्रिंग नुसती आखूड झाली. तसे होत नाही. आठ वेटोळ्यांतली दोन कापली की उरलेली स्प्रिंग एक-तृतीयांशाने अधिक कडक होते. तारेची जाडी तर याहून फसवी आहे. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बारा मिलिमीटरच्या जागी तेरा मिलिमीटरची तार घेतली, बाकी सर्व तेच ठेवले, तरी स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी कडक होते. डोळ्याला फरक दिसत नाही, मणक्याला कळतो.

आणखी एक बाजू आहे, आणि ती टाळून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीत जे लिहिले आहे आणि कारखान्याने जे ठरवले आहे, त्याहून निराळे होईल असे फेरफार मालकाने गाडीत करू नयेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू पक्की केली. मुलाला हे जाचक वाटले. ‘‘सर, गाडी माझी, पैसा माझा,’’ तो म्हणाला. मी त्याला म्हणालो, ‘‘बाबू, गाडी तुझी आहे, पण समोरून सायकलवर येणारा माणूस तुझा नाही.’’ कारखाना एक दांडा बदलण्याआधी तो हजारो वेळा वाकवून पाहतो, वेल्डिंग तपासतो. आपल्याकडे पाहायला मिस्त्रींचे डोळे आणि बांबूच्या पट्ट्या. त्या डोळ्यांविषयी मला अपार आदर आहे, पण डोळ्यांना पोलादाच्या आतली चीर दिसत नाही.

मग काय झाले? मिस्त्रींनी गाडी पुन्हा खाली उतरवली, आडवे दांडे समतल केले, स्टिअरिंगचा दांडा त्यांना समांतर आणला. ती जीप आता फक्त शेताच्या वाटेवर चालते, रस्त्यावर येत नाही. गेल्या पावसाळ्यात तिने धानाच्या पेंड्या आणि खताची पोती वाहिली. एका रात्री साप चावलेल्या एका गड्याला तिनेच बांधीपासून डांबरी रस्त्यापर्यंत आणले, तिथे पुढची गाडी उभी होती. अंतर दीड-दोन मैलांचे. बंडीला तेवढ्या चिखलातून तास लागला असता. गडी वाचला. तो स्प्रिंगांमुळेच वाचला असे मी म्हणणार नाही; औषध वेळेवर मिळाले म्हणून वाचला. पण वेळ वाचवावा की धक्का वाचवावा, हा जो जुना पेच मी आरंभी सांगितला, तो त्या रात्री कोणापुढे उभा राहिला नाही.

काढलेले पाटे मिस्त्रींनी भंगारात देऊ दिले नाहीत. ग्रीस लावून, गोणपाटात बांधून ते त्यांनी भिंतीशी ठेवून दिले आहेत. मी विचारले तर म्हणाले, ‘‘राहू द्या सर. यायनं लय वर्सं वझं वाहिलं.’’

श्रोतेहो, मेण्याच्या भोयांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. तणसावर निजून रात्रीच्या बंडीने गेलेल्या बायांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. धक्का मात्र त्यांनीच घेतला. पुढे तो धक्का पोलादावर गेला, ही माणसाने केलेली मोठी सोय आहे. पण ती अजून सर्वांपर्यंत पोहोचलेली नाही. पक्की सडक संपते आणि बांधीची वाट सुरू होते, तिथे आजही कोणाचा तरी मणका कमानीचे काम करीत असतो. एखाद्या मुलाने आपली जीप त्या वाटेसाठी उघडून पाहिली, तर त्याला हसू नये. त्याला कंस आणि दांडा समजावून सांगावा, कायदाही समजावून सांगावा. आणि आपण सर्वांनी मिळून ती वाट नीट करावी. कारण खड्डाच नसला, तर कमानीलाही थोडा विसावा मिळेल.